दिव्याखालचं जनावर

आपल्या गावाचं नाव ज्ञानकोशात यावं असं प्रत्येकाला वाटतं. पुण्याच्या लोकांना तसं वाटत नाही, कारण त्यांच्या मते पुणं हाच मूळ ग्रंथ असून बाकीचं जग ही त्याची पुरवणी आहे. पण आम्हा दिवेकरांची गोष्ट निराळी. दिवा जगाला ठाऊक आहे ते गाडी बदलण्यापुरतं. वसईला जायचं असलं की दिवा, पनवेलला जायचं असलं की दिवा, सावंतवाडीच्या गाडीत खिडकी धरायची असली की दिवा. माणसं इथे उतरतात ती दुसरीकडे जाण्यासाठी. जलद लोकल इथे थांबायला लागली तीसुद्धा २०१६च्या डिसेंबरात. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला, आपल्याकडेही असं काहीतरी असावं की जे ठाण्यात नाही आणि डोंबिवलीत तर नाहीच नाही, असं वाटलं तर त्यात नवल ते काय? ठाण्याला तलाव आहेत. डोंबिवलीला २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन मिळालं. आम्हाला, गेल्या पावसाळ्यानंतर, एक अज्ञात प्राणी मिळाला.

मिळाला म्हणजे दिसला. दिसला म्हणजे दिसला असं ऐकलं. खाडीकडच्या बाजूला, आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे जिथे खाजण सुरू होतं, तिथे रात्री बारानंतर काहीतरी फिरतं, असं आधी एकजण म्हणाला, मग सातजण म्हणाले, आणि महिन्याच्या शेवटी सोसायटीच्या सभेत ठराव आला: ‘या प्राण्याची नोंद विश्वकोशात व्हावी व त्याचा योग्य तो बंदोबस्त करण्यात यावा.’ ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्या सोसायटीत टँकरच्या वर्गणीवर आजवर एकमत झालेलं नाही. पार्किंगच्या बाबतीत तर एकेका माणसाचीच दोन-दोन मतं आहेत. पण ज्याला कुणी धड पाहिलेलं नाही त्याच्यावर चोवीसच्या चोवीस बिऱ्हाडांचं मतैक्य झालं!

काम अर्थातच माझ्याकडे आलं. “तुम्ही बँकेतले,” सेक्रेटरी म्हणाले, “नोंदी करणं हा तुमचा हातचा मळ.” बँकेच्या वहीतली नोंद आणि विश्वकोशातली नोंद यांत फरक असतो असं मी म्हणणार होतो, पण तोवर त्यांनी फाईल माझ्या हातात ठेवली होती. घरी येऊन ती वाचताना माझ्या लक्षात आलं की फरक फारसा नसतो. कुणीतरी येऊन सांगतो की अमुक अमुक आहे. आपण विचारायचं, कशावरून?

फाईल मी कर्जाचं प्रकरण वाचावं तशी वाचली. तीत सात जबान्या, एका पावलाचा फोटो आणि मोबाईलवर घेतलेल्या आवाजाची चाळीस सेकंदांची फीत यांचा समावेश होता. त्या चाळिसांपैकी छत्तीस सेकंद वसईच्या गाडीचा भोंगा आहे. उरलेल्या चार सेकंदांत फीत घेणाऱ्याची बायको “दार लावा आधी!” असं म्हणताना ऐकू येते. पावलाचा फोटो चांगला आहे, पण मापासाठी शेजारी काही ठेवलेलं नाही. ते पाऊल हत्तीचंही असू शकेल आणि कोंबडीचंही.

जबान्यांत पहिली दूधवाल्याची. तो म्हणतो, प्राणी मोठ्या मांजराएवढा होता. दुसऱ्या जबानीत तो कुत्र्याएवढा झाला आहे, चौथीत वासराएवढा, आणि स्टेशनपासून आगासनपर्यंत बातमी पोचून परत आली तेव्हाच्या सातव्या जबानीत तो भिंतीवरून उडी मारताना त्याचं पोट भिंतीला घासतं आहे. भिंत सहा फुटी आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. चक्रवाढ व्याज म्हणजे काय हे मला परीक्षेत जेवढं कळलं नव्हतं तेवढं या फाईलीतून कळलं. मुद्दल एक मांजर, मुदत एक महिना, आणि व्याजाची आकारणी तोंडातोंडाला.

रंगाबद्दल सांगायचं तर तो पट्टेरी आहे, ठिपकेदार आहे आणि काळा कुळकुळीत आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी त्याचा चेहरा माणसासारखा असल्याचं लिहून दिलं आहे. काकांच्या डोळ्यांविषयी मला आदर आहे, पण पासबुक ते नाकाला लावून वाचतात आणि तरीही शिल्लक मलाच विचारतात.

सगळ्यात चांगली जबानी दूधवाल्याचीच. ती तीन ओळींची आहे. “पहाटे चारला भिंतीजवळ गवत हाललं. शेपूट दिसलं, झुबकेदार, टोक काळं. बाकीचं गवतात होतं.” मी हे वाक्य दोनदा वाचलं. जे दिसलं नाही ते दिसलं नाही म्हणून सांगणारा साक्षीदार मला आमच्या धंद्यातही क्वचितच भेटतो. बाकीच्या सहाजणांनी त्या गवतातला प्राणी आपापल्या ऐपतीप्रमाणे पुरा केला, इतकंच.

ही झाली जमेची बाजू. आता ज्ञानकोशाकडे वळू. मराठी माणसाने ज्ञानकोश हे प्रकरण कधीच थट्टेवारी नेलेलं नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले ते चक्क कंपनी स्थापून, तिचे भाग विकून. ज्ञानाचे शेअर काढणारा हा एकच मराठी माणूस मला ठाऊक आहे आणि वाणिज्य शाखेत त्यांच्यावर एकही प्रश्न विचारत नाहीत याचं मला वाईट वाटतं. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून मराठी विश्वकोश उभा केला. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. त्या विश्वकोशातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं. आमच्याकडे व्हाउचरवर पास करणाऱ्याची सही असते, तसंच. उद्या चूक निघाली तर कुणाला बोलवायचं ते ठाऊक असलं पाहिजे. आमच्या फाईलीतल्या सातपैकी पाच जबान्यांवर सह्या नाहीत. ‘नाव गुप्त ठेवावे’ असं लिहिलं आहे.

बँकेत एक सोय असते. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती आम्ही तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतो. नावावरून हे खातं फार रोमहर्षक वाटतं. प्रत्यक्षात त्यात कुणीतरी चुकून भरलेले साडेतीनशे रुपये असतात. पण तेही कायमचं ठेवता येत नाही. ऑडिटर येतो, बोट ठेवतो आणि विचारतो, हे कुणाचं? विश्वकोशाला सस्पेन्स खातं नसतं. तिथे एकदा लिहिलं की ते जमा.

सेक्रेटरींचा मुद्दा मात्र बिनतोड होता. “मग त्या स्कॉटलंडच्या नेसीची नोंद ब्रिटानिकात कशी?” ते म्हणाले. “ती कुणी पाहिली आहे? तिची चालते आणि आपल्या प्राण्याची चालत नाही! गोऱ्यांचा आहे म्हणून?”

मी नेसीचं खातं उघडून पाहिलं. १९३३च्या मे महिन्यात ‘इन्व्हर्नेस कुरिअर’ या तिकडच्या पत्रात बातमी आली की नेस सरोवरात काहीतरी अवाढव्य लोळताना दिसलं. त्याच वर्षी ‘डेली मेल’ने एका शिकाऱ्याला तिकडे धाडलं. त्याला काठावर पावलं सापडली. ती तज्ज्ञांकडे गेली, तेव्हा तज्ज्ञ म्हणाले की ही पाणघोड्याची आहेत. आणि तीही एकाच, वाळवून ठेवलेल्या पायाची. १९३४च्या एप्रिलमध्ये त्याच पत्रात एका डॉक्टरच्या नावावर तो प्रसिद्ध फोटो छापून आला, पाण्यातून वर आलेली लांब मान. साठ वर्षं लोकांनी ती मान पाहिली. १९९४ साली उघड झालं की ती मान एका खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली होती, आणि हा उद्योग त्याच फजीत पावलेल्या शिकाऱ्याच्या घरात झाला होता. २०१९मध्ये शास्त्रज्ञांनी सरोवराच्या पाण्यातल्या डीएनएची तपासणी जाहीर केली. सरपटणारा राक्षस नाही. ईल मासे मात्र भरपूर.

आता बघा, हे खातं कसं चोख आहे. प्रत्येक नावेला जमा आहे. कुणी म्हटलं, कुठे छापलं, कुणी फसवलं, कुणी पकडलं, सगळ्याला तारीख आणि सगळ्याला कागद. ब्रिटानिकाने नोंद दिली आहे ती सरोवरातल्या जनावराला नव्हेच. ती दिली आहे नव्वद वर्षांच्या कागदपत्रांना. जनावर नसलं तरी फाईल आहे, आणि ती खरी आहे. आमच्याकडे जनावर बहुधा आहे. नाही ती फाईल.

दिल्लीचा ‘काला बंदर’ हा दुसरा दाखला सेक्रेटरींनी दिला, आणि तो त्यांनी द्यायला नको होता. २००१च्या मे महिन्यात गाझियाबादेत आणि दिल्लीत, उन्हाळ्यात वीज गेल्यामुळे माणसं गच्चीवर झोपत होती तेव्हा, एक वानरमाणूस ओरबाडून जातो अशी हूल उठली. कुणी म्हणालं त्याला शिरस्त्राण आहे, कुणी म्हणालं छातीवर बटणं आहेत. पोलिसांनी चित्रं काढली, बक्षीस लावलं. पुढे त्यावरून ‘दिल्ली-६’ नावाच्या सिनेमात प्रसंगही आले. नोंद व्हायला काहीच हरकत नाही आणि ती आहेही. पण त्या नोंदीत असं लिहिलेलं असतं की ‘आला, आला’ म्हटल्यावर अंधारात गच्चीवरून उड्या टाकून माणसं मेली, आणि एका बुटक्या साधूला जमावाने बदडून काढलं. वानर काही सापडलं नाही.

हे वाचून मी आमचा ठराव पुन्हा काढला. नोंदीच्या नादात मी त्याचा उत्तरार्ध वाचलाच नव्हता, तो म्हणजे बंदोबस्त. चौकशी केली तेव्हा कळलं की बंदोबस्त सुरू झालेला आहे. रात्री आठ तरुण काठ्या घेऊन गस्त घालतात आणि खजिनदारांनी औषधाची एक पुडी आणून ठेवली आहे. ती कोंबडीच्या तुकड्यांत घालून भिंतीबाहेर ठेवायची आहे. पुडीची किंमत एकशेवीस रुपये, दुकानदार परत घेत नाही. रात्री अकरानंतर त्या भिंतीकडून भंगार वेचणारा एक माणूस येतो, पाठीवर मोठं पोतं घेऊन, वाकून चालत. सातव्या जबानीतलं वर्णन, पोट घासण्याचा भाग सोडला, तर त्याला पुष्कळसं लागू पडतं. मला त्या रात्री नीट झोप आली नाही.

खोट्या नोंदीने काय होतं याचं आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण वनपिंगळ्याचं आहे, आणि ते ऐकून कुठल्याही बँकवाल्याच्या अंगावर काटा यावा. हे मुठीएवढं घुबड दिवसाढवळ्या हिंडणारं. खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८४पर्यंत त्याचे काही नमुने गोळा केले, आणि त्यानंतर पक्षी गडपच झाला. मध्ये फक्त एक नोंद: कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ एक मिळवला. झालं! शोधणारे त्या पत्त्यावर जायचे आणि हात हलवत परत यायचे. पुढे अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, एक्स-रे काढले, कातड्यात पेंढा भरण्याची पद्धत पाहिली. निष्कर्ष असा की तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता. कर्नलसाहेबांनी तो संग्रहालयातून लांबवला, पुन्हा भरला आणि त्यावर स्वतःच्या नावाची, खोट्या तारखेची, खोट्या गावाची चिठ्ठी लावली. जुनं व्हाउचर काढून त्यावर नवी तारीख! आमच्याकडे याला नोकरी जाते. कर्नलसाहेब मात्र नामांकित पक्षितज्ज्ञ म्हणून निवर्तले.

खोटी नोंद वजा केल्यावर खरा पत्ता उरला. १९९७च्या नोव्हेंबरात रासमुसेन आणि त्यांचे दोन सोबती शहाद्याजवळच्या रानात गेले आणि एकशेतेरा वर्षांनी त्यांना वनपिंगळा दिसला, सकाळच्या उजेडात, झाडावर बसलेला. २०१४ साली तो आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही सापडला. म्हणजे आसनगाव लोकल धरून जायचं त्या वाटेवर. जो पक्षी संपला असं मोठमोठ्यांना वाटत होतं तो आमच्याच लाईनवर राहत होता, आणि आम्ही त्या गाडीत चौथी सीट मिळते का ते पाहत होतो.

तेव्हा ‘अज्ञात’ हा शब्द मी जपून वापरायचं ठरवलं. जबानी क्रमांक पाचमध्ये ‘कल्याणचा सुटलेला बिबट्या’ असा कयास आहे. कल्याण पूर्वेत २०२२च्या नोव्हेंबरात बिबट्या एका इमारतीत शिरला हे खरं, काही माणसं जखमी झाली हेही खरं. पण दिवसभराच्या खटपटीनंतर वनखात्याने त्याला धरला. ठाण्यात २०१९च्या फेब्रुवारीत एक बिबट्या कोरम मॉलमध्ये कॅमेऱ्यात दिसला आणि शेजारच्या हॉटेलात सापडला. बिबट्याच्या बाबतीत गूढ फारसं उरत नाही. प्रत्येकाच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते. संजय गांधी उद्यानात २०१५ साली रानातल्या कॅमेऱ्यांचे फोटो जुळवून त्यांनी पस्तीस बिबटे मोजले. आम्ही नमुना सहीच्या कार्डाशी चेकवरची सही ताडून पाहतो, तसे. ज्याची सही जुळते त्याला अज्ञात म्हणता येत नाही. आणि बिबट्याच्या शेपटाला झुबका नसतो.

शेवटी मी एका रविवारी भिंतीपलीकडे गेलो. खाजणात जाळं नीट करत एक आगरी आजोबा बसले होते. मी त्यांना दूधवाल्याची जबानी वाचून दाखवली. झुबकेदार शेपूट, टोक काळं, एवढ्यावरच त्यांनी मला थांबवलं.

“कोला हाय त्यो.”

“कोल्हा? इथे?”

“मंग कुठं? आमच्या लानपनी रोज रातीला वरडाचे. आता तुमी नवीन आलाव. त्याला बी तुमी दिसताव.”

या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ विचार केला. मुंबई-ठाण्याच्या खारफुटीत सोनेरी कोल्हे राहतात. वन्यजीवांचे अभ्यासक अलीकडे ऐरोली, वाशीकडे कॅमेरे लावून त्यांची मोजदादही करू लागले आहेत. कोल्हा बेटं-बेटं जोडून, चिखलातून, भरतीच्या वेळा सांभाळून फिरतो. आमची सोसायटी बारा वर्षांची आहे. त्याच्या लेखी खाडीच्या काठी एक अवाढव्य, चौकोनी, रात्रभर डोळे चमकवणारं जनावर अचानक येऊन बसलं आहे, आणि कोल्ह्यांच्याही सभा होत असतील तर आमच्याबद्दल एकमताने काय ठराव झाला असेल सांगता येत नाही.

मी अहवाल लिहिला. त्यात म्हटलं की सदर प्राणी कोल्हा असण्याची शक्यता मोठी आहे, विश्वकोशात ‘कोल्हा’ ही नोंद आधीपासून आहे, आणि एका प्राण्याची दोन खाती उघडता येत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे आणि औषधाची पुडी हा त्याखाली गुन्हा आहे. काठ्या घेऊन अंधारात उभं राहण्यापेक्षा वनखात्याला १९२६ वर फोन करावा, आणि भिंतीबाहेर खरकटं टाकणं बंद करावं, कारण प्राणी येतो तो त्यासाठी. पुरावा, फोटो क्रमांक एकमधलं पाऊल हे कालच्या बिर्याणीच्या पिशवीपासून एक हातावर आहे.

सभेत अहवालाचं स्वागत थंड झालं. “कोल्हा?” तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले. “फक्त कोल्हा?” महिनाभर जपलेली मुदतठेव मोडून व्याज न घेता परत करावी तसं त्यांना वाटलं असावं. तरुण मंडळी नाराज झाली, पण त्यातल्या एकाने हळूच सांगितलं की परवा त्या भंगारवाल्यावर त्यांनी काठी उगारली होती आणि वेळेवर टॉर्च लागला म्हणून बरं. पुडी वनखात्याच्या नावाला घाबरून खजिनदारांनी कुलपात ठेवली. गस्त तेरा विरुद्ध अकरा मतांनी बंद झाली. आमच्या सोसायटीतलं एकमत संपलं आणि मला हायसं वाटलं.

सेक्रेटरींनी अजून हार मानलेली नाही. “मग निदान दिव्याची नोंद तरी नीट करा,” ते म्हणतात, “आणि तीत कोल्हा घाला.” हे मात्र मला पटलं. मी एक मसुदा केला आहे. स्टेशन, वसई आणि पनवेलचे फाटे, दातिवली, साबे, आगासन ही जुनी गावं, खाडी, खाजण, खारफुटी, आणि शेवटच्या ओळीत, येथे सोनेरी कोल्हा आढळतो. ती ओळ पेन्सिलीने लिहिली आहे. दूधवाल्याच्या तीन ओळींना कॅमेऱ्याचा एक फोटो जोडला गेला की पेन फिरवीन. खाली नाव कुणाचं घालायचं हा प्रश्न होता. तज्ज्ञाचं असावं हा नियम, तेव्हा मी पुन्हा खाजणात गेलो आणि आजोबांना विचारलं की तुमचं नाव छापलं तर चालेल का.

त्यांनी जाळ्यातून डोकं वर काढलं आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं. “आदार कारड लागल का?” त्यांनी विचारलं.